इज्मेल, ढाल आणि चिमटा : सुंतेच्या शस्त्रांचा इतिहास

आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले तेव्हा, परंपरा सांगते त्याप्रमाणे, त्यांच्या पोथ्यापुस्तकांना समुद्राने गिळले होते. पुढे कित्येक पिढ्या कोकणातील त्या घाणेवाल्या शनवार तेल्यांजवळ ना सेफेर तोरा होती, ना ती वाचणारा हजान. शेमाचे पहिले वाक्य, शब्बाथचा विसावा, खवले व पंख असलेलीच मासळी आणि मुलाची आठव्या दिवशीची सुंता, एवढीच काय ती शिदोरी उरली होती. शेजारी राहणारे मुसलमान बांधवही सुंता करीत. परंतु त्यांच्यात ती मूल जाणते झाल्यावर, बहुधा न्हाव्याच्या हातून होई. आपल्याकडे मात्र आठवा दिवस सुटला नाही. ज्या समाजाला हनुक्का ठाऊक नव्हता, कारण तो सण घडण्यापूर्वीच तो मायदेशापासून तुटला असावा असे आपले वडीलधारे सांगत, त्या समाजाला आठवा दिवस मात्र ठाऊक होता. आपल्या इतिहासातील ही गोष्ट मला नेहमीच मोठी वाटत आली आहे.

दाविद राहाबीने ज्या तीन घराण्यांना धर्मकृत्ये शिकवून काजीपद दिले, ती झिराडकर, राजपूरकर व शापूरकर ही घराणी. हे काजी गावोगाव हिंडून विवाह लावीत, तंटे तोडीत आणि सुंता करीत. इ. स. १७९६ साली सामुएल इझेकिएल दिवेकर यांनी मुंबईत पहिली मशीद बांधली. (सिनेगॉगला आपली जुनी माणसे मशीदच म्हणत.) तोपर्यंत सुंतेचा विधी घरातच होत असला पाहिजे, कारण दुसरी जागाच नव्हती. १८२६ नंतर कोचीनहून धर्मशिक्षक आले, एलियाहू हन्नाबीची खुर्ची, सांदाक, प्रार्थनांचा क्रम या गोष्टी रीतसर झाल्या. हाईम सामुएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेला आणि १९३७ साली तेल अवीव येथे छापून निघालेला बेने इस्राएलांचा इतिहास ज्यांनी चाळला असेल, त्यांना हे सर्व परिचित आहे.

पण खुर्ची, सरबत आणि मलिदा यांविषयी आपण जितक्या आवडीने बोलतो, तितके त्या दोन मिनिटांच्या शस्त्रक्रियेविषयी बोलत नाही. हल्ली आपल्या तरुण आई-बापांकडून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : मोहेलला बोलवावे की डॉक्टरला? सुरीने करावी की यंत्राने? आणि घरातील वडील मंडळी बहुधा एकच उत्तर देतात, “आपल्याकडे चालत आले तसे करा.” चालत आलेले म्हणजे नक्की काय, हेच पुष्कळांना सांगता येत नाही. मी काही वैद्य नव्हे, रब्बी तर नव्हेच. वर्गात मुलांना शिकविणारा साधा शिक्षक आहे. परंतु ज्या गोष्टीचा इतिहास लिहिलेला आहे, ती वाचून इतरांस सांगणे हे शिक्षकाचे काम आहेच.

प्रथम शस्त्राकडे वळू. मिसर देशात सक्कारा येथे अंखमाहोर नावाच्या अधिकाऱ्याची कबर आहे. तिच्या भिंतीवर, सुमारे ४३०० वर्षांपूर्वी, सुंतेचे चित्र कोरलेले आहे. त्यात दिसणारी मुले तान्ही नाहीत, चांगली वाढलेली आहेत. म्हणजे सुंता ही केवळ आपलीच प्रथा नव्हती. आपले वैशिष्ट्य हे की ती आठव्या दिवशी नेली गेली आणि कराराची खूण ठरली. आब्राहाम आवीनू यांनी ९९ व्या वर्षी स्वतःची सुंता केली, इश्माएल त्या वेळी १३ वर्षांचा होता आणि आठव्या दिवशी ज्याची झाली तो पहिला मुलगा इसहाक. सिप्पोराने आपल्या मुलाची सुंता गारगोटीने केली आणि यहोशुआनेही गारगोटीच्याच सुऱ्या करविल्या, असे शास्त्रात आहे. गारगोटीची ताजी धार अतिशय तीक्ष्ण असते. तेव्हा यात रानटीपणा नव्हता. लोखंड प्रचारात आल्यावर सुरी लोखंडाची झाली. मोहेलच्या दुधारी सुरीला इज्मेल म्हणतात. तिला दोन्ही बाजूंना धार असते ती एवढ्यासाठी की, घाईच्या क्षणी धार कोणत्या बाजूस आहे हे पाहण्यात वेळ जाऊ नये.

आता क्रिया. मिश्नाच्या शब्बाथ प्रकरणात तिचे भाग स्पष्ट सांगितले आहेत. पहिला भाग मिला, म्हणजे शिश्नमण्यावरील अग्रत्वचा कापणे. दुसरा पेरिया, म्हणजे त्या त्वचेखालचे पातळ अस्तर फाडून मण्याच्या मागे सारणे, जेणेकरून मणी पूर्ण उघडा होईल. तिसरा मेत्सित्सा, म्हणजे जखमेतील रक्त ओढून घेणे. त्यानंतर पट्टी बांधावयाची आणि वर जिऱ्याची पूड लावावयाची. शब्बाथपूर्वी जिरे कुटून ठेवले नसेल तर ते दातांनी चावून लावावे, इतका बारीक तपशील तेथे आहे. जिरे औषध म्हणून आपल्या घरातही असतेच. त्यामुळे हा भाग वाचताना मला आजीच्या बटव्याची आठवण झाली.

या तीन भागांपैकी पेरियाचा इतिहास सर्वांत उद्बोधक आहे. इ. स. पूर्व १७५ च्या सुमारास यरुशलेममध्ये ग्रीक धर्तीची व्यायामशाळा निघाली. तेथे तरुण नग्न होऊन खेळत. काही यहुदी तरुणांना आपली खूण लपवावीशी वाटली आणि उरलेली त्वचा ताणून किंवा शस्त्रक्रियेने पुढे आणून ते जणू असुंती झाले, असे मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात नमूद आहे. इ. स. पहिल्या शतकातील रोमन लेखक केल्सस याने ती शस्त्रक्रिया कशी करावी हेही लिहून ठेवले आहे. अंतियोखसने सुंतेवर बंदी घातली तेव्हा ज्या आयांनी ती मोडली, त्यांना बालकांसह ठार मारण्यात आले. आणि त्याच काळात दुसरे काही तरुण हौसेने खूण पुसत होते. एकाच पिढीत दोन्ही प्रकारची माणसे असतात, हे इतिहास शिकविताना नेहमी सांगावे लागते. पुष्कळ इतिहासकारांचे मत असे की, बार कोख्बाच्या उठावानंतर (१३२ ते १३५) धर्मगुरूंनी पेरियाचा आग्रह कडक केला, तो अशी पळवाट राहू नये म्हणून. मिश्ना तर सांगते की, मिला झाली आणि पेरिया झाली नाही तर सुंता झालीच नाही.

परंतु या आग्रहाचा वैद्यकीय परिणामही आहे. अस्तर नीट मागे न सारता नुसतीच वरची त्वचा कापली, तर ती पुन्हा पुढे सरकते, मण्याला चिकटते, कधी कातडीचे पूल तयार होतात. आजही सुंतेनंतर डॉक्टरांकडे पुन्हा नेल्या जाणाऱ्या मुलांत सर्वाधिक संख्या जादा त्वचा उरलेल्यांची असते. म्हणजे जे धर्मगुरूंनी कराराच्या दृष्टीने अपुरे म्हटले, तेच शल्यवैद्यही अपुरे म्हणतात.

जुन्या रीतीत मोहेल अंगठ्याचे नख विशेष तासून ठेवी आणि त्याने पेरिया करी. नखाखाली काय दडते हे जंतूंचा शोध लागण्यापूर्वी कोणास ठाऊक नव्हते. आता जाणते मोहेल निर्जंतुक केलेल्या बोथट सळईने अस्तर आधी सुटे करून घेतात. दुसरी सुधारणा ढालीची. हिब्रूत तिला मागेन म्हणतात. मागेन दाविद यातला तोच शब्द. मधोमध चीर असलेली ही धातूची पट्टी. त्वचा पुढे ओढून त्या चिरेतून बाहेर घ्यावयाची, मणी मागे राहतो, आणि पट्टीच्या पृष्ठभागावरून सुरी फिरवावयाची. एवढ्याशा पत्र्याने किती मुलांचे अंग वाचविले असेल याची गणती नाही. मात्र ढाल लावण्यापूर्वी मणी खरोखरच मागे राहिला आहे ना, हे बोटांनी चाचपून पाहावे लागते; ढाल ते काम करीत नाही.

मेत्सित्साच्या बाबतीत तर इतिहासाने मोठे विचित्र वळण घेतले. तालमूदात राव पापा म्हणतात की, जो मोहेल रक्त ओढून घेत नाही तो बालकाला धोक्यात घालतो आणि त्याला कामावरून दूर करावे. म्हणजे ही क्रिया मुळात बालकाच्या संरक्षणासाठी होती; त्या काळच्या वैद्यकाची तशी समजूत होती. एकोणिसाव्या शतकात युरोपात असे आढळून येऊ लागले की, काही मोहेलांच्या तोंडातून उपदंश आणि क्षय यांची बाधा तान्ह्या मुलांना होत आहे. तेव्हा वादाला तोंड फुटले. १८३७ साली हातम सोफेर या नावाने प्रसिद्ध असलेले रब्बी मोशे सोफेर यांनी व्हिएन्नाच्या रब्बीला पत्र लिहून, तोंडाऐवजी स्पंजाने रक्त टिपून घेण्यास संमती दिली. पुढे १८८८ साली फुल्डा येथील रब्बी मिखाएल काह्न यांनी काचेची नळी पुढे आणली. मोहेलचे तोंड आणि जखम यांचा संबंध नळीने तुटला. पुष्कळ समाजांनी ती स्वीकारली, काहींनी नाकारली. नाकारणाऱ्यांचा हट्ट अजूनही पूर्णपणे संपलेला नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे, न्यू यॉर्क शहरात नोव्हेंबर २००० ते डिसेंबर २०११ या काळात सुंतेनंतरच्या आठवड्यांत नागीण जातीच्या विषाणूची बाधा झालेली ११ बालके आढळली. त्यांपैकी दोन दगावली. मोठ्या माणसाच्या ओठावर जो विषाणू साधी पुटकुळी आणतो, तो आठ दिवसांच्या जिवाच्या मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. राव पापा आज असते तर त्यांनी कोणत्या मोहेलला कामावरून दूर केले असते, याचा विचार वाचकांनीच करावा. माझ्या मते नळी हातात घेणाराच त्यांचा खरा शिष्य होय.

हे झाले प्राचीन रीतीचे. विसाव्या शतकात अमेरिकेत सुंता ही यहुदीतर कुटुंबांतही रुग्णालयातली नित्याची बाब झाली आणि डॉक्टरांनी आपापली यंत्रे काढली. न्यू यॉर्क राज्यातील बफेलो शहरी डॉ. हायरम येलेन आणि आरन गोल्डस्टीन यांनी गोम्को चिमटा तयार केला. येलेन यांचा लेख १९३५ सालचा. यात धातूची एक छोटी घंटा मण्यावर बसवितात, त्वचा तिच्यावर ओढून घेतात, पट्टी घट्ट आवळतात आणि सुमारे पाच मिनिटे दाबून ठेवल्यावर कापतात. रक्तवाहिन्या चिरडल्या गेल्यामुळे रक्त जवळजवळ येत नाही आणि मणी घंटेच्या आत सुरक्षित राहतो. यंत्र हुशारीचे आहे यात शंका नाही. पण त्याचे अनेक सुटे भाग असतात, घंटा निरनिराळ्या मापांच्या असतात आणि रुग्णालयात धुऊन ठेवताना एका चिमट्याची पट्टी दुसऱ्याच्या घंटेला लागली की पकड सुटते. शिवाय हा चिमटा धातूचा. त्याला विजेचे डागणे लावले तर वीज कोठवर जाईल याचा नेम नाही. विजेच्या डागण्याने काय होऊ शकते हे १९६६ साली कॅनडातील विनिपेग येथे दिसले. आठ महिन्यांच्या एका बालकाचे संपूर्ण इंद्रिय जळून गेले.

पन्नाशीच्या दशकात प्लॅस्टिबेल निघाले. प्लॅस्टिकची घंटा मण्यावर ठेवून वरून दोऱ्याने त्वचा घट्ट बांधतात. पुढची त्वचा कापून टाकतात आणि कडे तसेच राहू देतात. पाच ते आठ दिवसांत ते आपोआप गळून पडते. यात मण्याला सुरीची भीती अत्यल्प. मात्र कडे मागे सरकून रुतणे, वेळेवर न पडणे, लघवी अडणे, जखम चिघळणे हे त्याचे दोष. आई-बापांनी आठवडाभर डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

तिसरे यंत्र आपल्याच माणसाचे. ब्रुकलिनचे रब्बी हॅरी ब्रॉन्स्टीन यांनी १९५४ साली मोगेन चिमटा बनविला. मोगेन म्हणजे मागेनच. अश्कनाझी उच्चार एवढाच फरक. तत्त्वही ढालीचेच, फक्त दोन पात्यांमध्ये त्वचा चिरडली जाते. पाती जेमतेम तीन मिलिमीटर उघडतात, ती अशासाठी की मणी आत येऊ नये. काम झटपट होते, मुलाला त्रास कमी होतो, सुटे भाग हरवत नाहीत. पण येथे घंटा नाही; पात्यांखाली काय आले आहे ते करणाऱ्याला दिसत नाही. चिमटा झिजून किंवा दुरुस्तीत बिघडून फट मोठी झाली, किंवा त्वचा आधी नीट सुटी केली नसली, तर मण्याचा तुकडाच कापला जातो. असे प्रकार घडले आहेत. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गोम्को व मोगेन या दोन्ही जातींच्या चिमट्यांविषयी जाहीर इशारा दिला होता.

धर्माच्या बाजूने आक्षेप वेगळा आहे. अनेक सनातनी रब्बींनी गोम्कोला मनाई केली, कारण करारात रक्त निघणे आवश्यक आणि चिमटा तर रक्तच अडवितो. शिवाय दीर्घकाळ दाबल्याने बालकाला अकारण वेदना होतात, हेही त्यांनी मांडले. मोगेनविषयी मतभेद राहिले. रुग्णालयात यंत्राने सुंता झालेल्यांच्या बाबतीत कित्येकदा पुढे एक थेंब रक्त काढण्याचा विधी करावा लागतो, तो याच कारणाने. म्हणून आपल्यापैकी जे कोणी परदेशांत स्थायिक झाले आहेत आणि रुग्णालयातच उरकून घेऊ म्हणतात, त्यांनी हा भाग आधी रब्बीला विचारून घ्यावा.

मग सुरी बरी की चिमटा? आकडे पाहू. इस्राएलात २००१ साली चार मोठ्या रुग्णालयांत जन्मलेल्या १९,४७८ मुलग्यांची पाहणी झाली. त्यांत सुंतेच्या तक्रारी ६६ निघाल्या, म्हणजे हजारात तीन-चार. त्यांतील निम्म्याहून अधिक तक्रारी जादा त्वचेच्या होत्या. त्याखालोखाल रक्तस्राव, तोही तात्पुरता. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १४ लाख सुंतांच्या पाहणीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी आढळले. परंतु एक वर्ष ते नऊ वर्षे या वयात तेच सुमारे वीसपट झाले. २०१० सालच्या दुसऱ्या एका आढाव्यात अनेक देशांचे अभ्यास एकत्र केले होते. त्यात तान्ह्या मुलांत मध्यम प्रमाण दीड टक्का, तर मोठ्या मुलांत सहा टक्के भरले. आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण कोणी बारीकसारीक गोष्टी मोजतो, कोणी मोठ्याच. पण वयाचा फरक सर्वत्र दिसतो. आठवा दिवस नेमणाऱ्याला हे ठाऊक होते असे आपण म्हणू. निदान आपल्याला त्याचा लाभ झाला हे तर खरेच.

येथे एक सावधगिरी. आठव्या दिवशी रक्त गोठण्याची शक्ती आयुष्यातील सर्वांत अधिक असते, असे एक वचन आपल्या सभांतून फार ऐकू येते. त्यावर इतका भार टाकू नये. नवजात बालकात के जीवनसत्त्व कमी असते आणि त्या उणिवेचा रक्तस्राव बहुधा पहिल्याच आठवड्यात होतो, एवढे खरे. म्हणूनच येथे जन्मल्याबरोबर ते टोचतात. आज्ञा पाळावयास विज्ञानाचे अर्धवट प्रमाणपत्र लागत नाही.

उलट ज्या एका बाबतीत आपल्या शास्त्रकारांनी वैद्यकाला खरोखर मागे टाकले, ती फारशी कोणी सांगत नाही. तालमूदाच्या यवामोथ प्रकरणात झिप्पोरी गावच्या चार बहिणींची हकीगत आहे. पहिलीने मुलाची सुंता केली, तो मेला. दुसरीचा मेला. तिसरीचाही मेला. चौथी राब्बान शिमोन बेन गामलिएल यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी सांगितले, याची सुंता करू नकोस. बहिणींच्या मुलांवरून चौथीच्या मुलाचा निर्णय! म्हणजे दोष आईच्या माहेरच्या रक्तातून येतो, हे त्यांनी सुमारे अठराशे वर्षांपूर्वी ओळखले. पाश्चात्त्य वैद्यकात या रक्तस्रावी रोगाचे, म्हणजे हिमोफिलियाचे, घराण्यातून चालत येणारे स्वरूप फिलाडेल्फियाच्या डॉ. जॉन ऑटो यांनी मांडले ते १८०३ साली. दुसरी कथा रब्बी नाथान यांची. एका बाईची दोन मुले सुंतेने गेली होती. तिने तिसरे आणले, तर त्याचे अंग लालबुंद दिसले. रक्त अंगात मुरेपर्यंत थांबा, असे त्यांनी सांगितले. मूल जगले आणि आईने त्याचे नाव नाथानच ठेवले. काप्पादोकिया येथे त्यांनी फिकट पिवळसर मूल पाहिले, तेथेही थांबविले. रांबामने हाच धागा पुढे नेला : आजारी मुलाची सुंता करू नये, कारण ती नंतरही करता येते, गेलेला जीव मात्र परत आणता येत नाही. ताप आला असेल तर बरे झाल्यावरही पूर्ण सात दिवस थांबावे, असा नियम आहे.

असे असता आपल्या घरांतून काय चालते? कावीळ दिसत असताना “आठवा दिवस चुकतो” म्हणून घाई केली जाते. वस्तुतः कावीळ, कमी वजन, किंवा लघवीचे छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूस असणे, यांपैकी काहीही असेल तर थांबणे हाच धर्म आहे. छिद्र खाली असेल तर तीच अग्रत्वचा पुढे शल्यवैद्याला दुरुस्तीसाठी लागते. ती आधीच कापली तर काम अवघड होते. थांबल्याने पाप लागत नाही. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की, आठव्या दिवसाची सुंता शब्बाथला होऊ शकते, लांबणीवर पडलेली होऊ शकत नाही.

याहून अवघड गोष्ट लपविण्याची. आमच्या नात्यातील एका घरी, अनेक वर्षांपूर्वी, सुंता झाली. मोहेल अनुभवी होता. सुरी, ढाल, पट्टी सर्व यथास्थित. पाहुणे मलिदा खाऊन गेले आणि रात्री पट्टी भिजू लागली. दुसरी बांधली, तीही भिजली. पहाटे रुग्णालयात नेले, तेथे निदान झाले की रक्त गोठविणारा आठवा घटक मुलात जवळजवळ नाही. मूल वाचले, परमेश्वराची कृपा. नंतर उलगडा झाला. मुलाच्या आईचा एक भाऊ भारतात लहानपणीच, दात पडला तेव्हाचे रक्त न थांबल्याने गेला होता. आजीला ते ठाऊक होते. मी विचारले, “मावशी, मोहेल विचारत होता तेव्हा सांगितले का नाही?” त्यावर त्या म्हणाल्या, “बाबा, मला चार मुली. हे बाहेर कळले असते तर एकीचे तरी लग्न झाले असते का?” मला त्यांना दोष देववेना. कोकणातल्या लहानशा समाजात, जेथे प्रत्येक घर दुसऱ्याचे सोयरे, तेथे हा शब्द बाहेर फुटणे म्हणजे काय ते आपण जाणतो. परंतु झिप्पोरीची चौथी बहीण आपले दुःख रब्बीपुढे बोलली म्हणूनच तिचा मुलगा जगला.

आज अशा मुलालाही रक्ताचा घटक टोचून, रुग्णालयात सुंता करता येते. निर्णय रक्तरोगतज्ज्ञ आणि रब्बी मिळून करतात. इतरांच्या बाबतीत माझा कल सांगावयाचा तर, इस्राएलात आरोग्य मंत्रालय व मुख्य रब्बीसंस्था यांच्या समितीने प्रमाणपत्र दिलेला मोहेल, निर्जंतुक ढाल व सुरी, हातमोजे आणि काचेची नळी, याहून अधिक यंत्राची गरज मला दिसत नाही. कायद्याने प्रमाणपत्राची सक्ती नाही, म्हणून ते दाखवा असे आपणच म्हणावे. चांगला मोहेल रागावत नाही. तो आदल्या दिवशी मूल पाहून जातो, डोळ्यांचा पिवळेपणा पाहतो आणि मामा-मावसभावांची चौकशी करतो. वेदनेसाठी गोड द्राक्षरसाचे बोळे पुरेत की बधिर करणारे मलम लावावे, हेही विचारता येते. पट्टी सैल-घट्ट कशी असावी, लघवी किती तासांत व्हावी, कापडावर केवढा डाग चालेल, हे तो जाण्यापूर्वी लिहूनच घ्यावे.

त्या घरातील मुलाच्या बहिणीला मागे मुलगा झाला. आठवा दिवस शब्बाथचा होता आणि सर्वांनी तीच तारीख धरली होती. मोहेल मूल पाहावयास आला, तेव्हा तो खुर्चीवर बसण्यापूर्वीच मावशींनी काठी टेकीत पुढे येऊन आपल्या मुलाचे नाव, त्याचे वय आणि तो कसा गेला, हे सर्व त्याला सांगितले. नातसुनेने ते हिब्रूत उलगडून दिले. रक्ताचा कागद सोमवारी आला, मूल निरोगी निघाले आणि सुंता मंगळवारी, अकराव्या दिवशी झाली. मुलाला त्यांच्या त्या मुलाचे नाव दिले आहे.